हुर्यो

प्रेक्षकाने पैसे मोजून तिकीट काढलंय, त्याला कुणाचीही हुर्यो उडवायचा हक्क आहे, असं म्हणणाऱ्या शहाण्यांची एक जमात आहे. ती मेलबर्नला आहे, पर्थला आहे आणि आपल्या चर्चगेटलाही आहे. या जमातीसमोर मी एक माणूस उभा करतो. अ‍ॅडम गुड्स त्याचं नाव. ऑस्ट्रेलियातला आदिवासी. त्या देशाचा लाडका खेळ तो सतरा सीझन खेळला. ३७२ मॅचेस, ४६४ गोल. आणि शेवटी शेवटी त्याच्या हातात चेंडू आला की हजारो गळे एकदम 'बूऽऽऽ' करून उठायचे. एका मॅचला नव्हे, एका शहरात नव्हे. मैदानामागून मैदान. का, विचारलं तर म्हणे, आम्हाला तो आवडत नाही. बस्स. रंगाचा काही संबंध नाही.

च्यायला, रंगाचा संबंध नाही हे वाक्य कुठल्या कारखान्यात तयार होतं ते एकदा शोधलं पाहिजे. कारण आमच्याकडे जातीसाठी हेच वाक्य मिळतं, त्याच साच्यातलं.

दोस्तहो, आधी खेळ समजून घ्या. फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो हा नव्हे. याला ऑस्ट्रेलियन रूल्स म्हणतात. लांबट चेंडू, क्रिकेटएवढं मैदान, एका बाजूला अठरा गडी. चेंडू लाथेने उडवा, दुसऱ्याच्या खांद्यावर चढून झेला, मुठीने ठोसून सोबत्याला द्या. फेकायचा मात्र नाही. दोन टोकांना चार चार खांब. मधल्या दोघांतून लाथेने गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. अंगावर ना हेल्मेट ना पॅड. बनियनसारखी बिनबाह्यांची जर्सी आणि अर्धी चड्डी. गुडघे फुटतात, खांदे निखळतात. खेळाचे नियम १८५९ साली मेलबर्नच्या गोऱ्यांनी कागदावर लिहिले. त्याच्या आधीपासून तिकडचे आदिवासी पॉसम नावाच्या जनावराच्या कातड्याचा चेंडू करून 'मार्नग्रूक' खेळत होते. हा खेळ त्यातून आला की नाही यावर तिथले इतिहासकार अजून भांडतात. भांडोत. ज्यांची जमीन गेली, लेकरं गेली, ते चेंडूचा सातबारा कुठून दाखवणार?

लेकरं गेली हे मी अलंकार म्हणून लिहिलेलं नाही. सरकार आदिवासी आईच्या कुशीतून पोर उचलायचं आणि गोऱ्यांच्या संस्थेत नाहीतर गोऱ्यांच्या घरात टाकायचं. कायद्याने. १९७० च्या आसपासपर्यंत हे चाललं. 'चोरलेल्या पिढ्या' म्हणतात त्यांना. देशाच्या पंतप्रधानाने त्याची माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ ला. गुड्सची आई त्या पिढ्यांतली. पाच वर्षांची असताना तिला घरातून नेलं. तिचा हा पोरगा ८ जानेवारी १९८० ला दक्षिण ऑस्ट्रेलियात वॉलरू गावात जन्मला. बाप गोरा. तो लवकरच वेगळा झाला आणि आईने पोरं एकटीने वाढवली. गावं बदलत बदलत.

१९९७ साली या पोराला सिडनी स्वान्स क्लबने उचललं. 'उचललं' हाच शब्द बरोबर. तिथे ड्राफ्ट म्हणून प्रकार असतो. देशभरातली सतराअठरा वर्षांची पोरं एका यादीत. धावून दाखव, उडी मारून दाखव, उंची मोज, वजन मोज. मग क्लब आपापल्या पाळीने नावं घेतात. पोराने क्लब निवडायचा नाही, क्लबाने पोर निवडायचं. नाव आलं की बोचकं बांधून देशाच्या दुसऱ्या टोकाला जायचं. गुड्सचा नंबर लागला ४३ वा. आमच्या गोदीतले म्हातारे गडी त्यांच्या बापांच्या काळातलं सांगतात. सकाळी धक्क्याच्या दारात रांग, मुकादम छाती-दंड बघून बोट दाखवायचा, तू ये, तू ये, तू घरी जा. पैशाचा फरक आहे, मान्य. फुटबॉलवाला लाखांत खेळतो. पण माल तोच, माणसाचं अंग.

अंगाने त्याने काय केलं ते भराभर सांगून टाकतो. १९९९ ला पहिल्याच सीझनमध्ये उत्तम नव्या खेळाडूचं बक्षीस. २००३ ला ब्राऊनलो पदक, म्हणजे अख्ख्या लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, दोघांबरोबर वाटून. २००६ ला पुन्हा तेच पदक, या वेळी एकट्याचं. २००५ ला सिडनी स्वान्सने अजिंक्यपद जिंकलं. या क्लबाला ७२ वर्षं ते मिळालं नव्हतं. २०१२ ला पुन्हा जिंकलं, आणि त्या फायनलमध्ये गुड्स गुडघ्यातला स्नायुबंध फाटलेला असताना खेळला, शेवटच्या पावात गोल मारला. तोवर तो सगळ्यांचा होता. बारशाला पोरांची नावं ठेवावीत इतका सगळ्यांचा. तिथल्या वस्तीत आदिवासी शंभरात जेमतेम तीन. लीगच्या खेळाडूंत ते शंभरात दहाच्या घरात. टाळ्या भरपूर. जादूगार आहेत म्हणे, रक्तातच आहे म्हणे यांच्या. म्हणजे गोरा जिंकला तर मेहनत आणि डोकं, काळा जिंकला तर रक्त.

टोळीत माझी पाठ प्रसिद्ध आहे. साठ किलोची गोणी मी कशी उचलतो ते नवीन पोरांना बोलावून दाखवतात. 'गडी बघा, गडी!' हाच गडी ओव्हरटाइमचा हिशेब विचारायला गेला तेव्हा तिथला एक साहेब म्हणाला, 'तुम्हा लोकांना जरा शिकवलं की जीभ फुटते.' पाठ चालते, जीभ चालत नाही. गुड्सला जीभ कधी फुटली? तारीख आहे. २४ मे २०१३, शुक्रवार, मेलबर्नचं मोठं मैदान.

त्या आठवड्यात लीग आदिवासी खेळाडूंचा गौरव करत होती. खास जर्स्या, नाच, भाषणं. सिडनी विरुद्ध कॉलिंगवूड. मॅच संपत आलेली, सिडनी जिंकत आलेली, गुड्स सीमारेषेजवळ. स्टँडमधून आवाज आला, 'एप!' एप म्हणजे वानर. तो थांबला. वळला. बोट दाखवलं आणि रक्षकांना सांगितलं, ही बघा, हिने म्हटलं. ती निघाली १३ वर्षांची पोरगी.

दुसऱ्या दिवशी तो पत्रकारांपुढे आला. काय बोलला ते नीट ऐका, कारण पुढची सगळी लबाडी इथून सुरू होते. तो म्हणाला की मनाला फार लागलं. म्हणाला की पोरीला दोष देऊ नका, तिला आधार द्या, ती हे कुठून शिकली ते बघा. बस. शिव्या नाहीत, भरपाईचा दावा नाही. बुद्धाच्या पोरांनीसुद्धा यापेक्षा शांतपणे काय बोलावं!

आणि पाचच दिवसांनी मोठ्यांनी दाखवून दिलं की पोरं कुठून शिकतात. कॉलिंगवूडचा अध्यक्ष एडी मॅग्वायर रेडिओवर होता. मॅचच्या रात्री हाच माणूस सिडनीच्या ड्रेसिंग रूममध्ये माफी मागायला गेला होता. मेलबर्नला तेव्हा 'किंग काँग'चं संगीत नाटक लागणार होतं. हा बोलून गेला की त्याच्या जाहिरातीला गुड्सला आणायला हवं होतं. मग पुन्हा माफी. अध्यक्षपद शाबूत. ते सुटलं २०२१ ला, जेव्हा त्याच क्लबाने नेमलेल्या अभ्यासगटाचा अहवाल फुटला आणि क्लबात वर्णद्वेष मुरलेला आहे हे छापून आलं.

कॉलिंगवूडवरून निकी विन्मार सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वीस वर्षं आधी, १७ एप्रिल १९९३, याच क्लबाचं जुनं मैदान. सेंट किल्डाचा विन्मार, नूंगार आदिवासी, दिवसभर स्टँडमधून त्याच्या कातडीवरून घाण ऐकत खेळला आणि मॅच जिंकून दिली. शेवटची शिट्टी झाल्यावर तो त्या स्टँडकडे वळला, जर्सी वर उचलली आणि उघड्या पोटाच्या काळ्या कातडीवर बोट ठेवलं. दोन फोटोग्राफरांनी तो क्षण पकडला. आज पर्थच्या मोठ्या स्टेडियमबाहेर त्याच पोझमधला त्याचा पुतळा आहे. पण गंमत ऐका. कॉलिंगवूडच्या तेव्हाच्या अध्यक्षाने सांगितलं की हे लोक गोऱ्यांसारखे वागले तर आम्ही सगळे त्यांना मान देऊ! आणि २७ वर्षांनी, २०२० ला, तीन जुन्या फुटबॉलवाल्यांनी नवा शोध लावला. विन्मार कातडी दाखवतच नव्हता म्हणे, तो पोटातली धमक दाखवत होता. नंतर त्यांनाही माफी मागावी लागली. फोटो समोर आहे, माणूस जिवंत आहे, तो स्वतः सांगतोय मी काय दाखवलं. तरी याला अर्थ सांगणार हे. आमच्या कवितांचं समीक्षक काय करतात ते आठवा.

आता गुड्स. २०१४ ला त्याला 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' केलं. हा मान २६ जानेवारीच्या निमित्ताने देतात. आपल्या २६ जानेवारीला आपण बाबासाहेबांच्या घटनेला सलाम करतो. तिकडे १७८८ साली त्याच दिवशी इंग्रजांनी सिडनीला झेंडा रोवला. आदिवासी त्याला आक्रमणाचा दिवस म्हणतात. १९७२ ला त्याच तारखेला चार आदिवासी कॅनबेराच्या संसदेसमोर छत्री रोवून बसले आणि त्याला आपली वकिलात म्हणाले. आपल्याच देशात परदेशी, म्हणून वकिलात. त्याच साली आपल्या मुंबईत पँथर उठला होता. गुड्सने मान घेतला आणि तोंड बंद ठेवलं नाही. आईचं काय झालं ते बोलला, वर्णद्वेषावर बोलला, इतिहासावर बोलला. खेळता खेळता त्याने आदिवासी इतिहासाचा अभ्यास केला होता. हिशेब कळलेला गडी झाला तो.

आणि हुर्यो सुरू झाली.

तिची तीन कारणं देतात. एक, तो मुद्दाम पडतो, फ्री किक उकळतो. अरे, लीगमध्ये पडणारे गोरे पन्नास होते, त्यांना कुणी वर्षभर गावोगाव 'बू' केलं? दोन, त्याने एका लहान मुलीला भर मैदानात अपमानित केलं. म्हणजे वानर म्हणणारी बिचारी आणि 'तिला आधार द्या' म्हणणारा गुंड. तीन, तो नाचला.

हा नाच काय ते बघू. २९ मे २०१५, सिडनीचं मैदान, पुन्हा तोच आदिवासी गौरवाचा आठवडा. गुड्सने गोल मारला आणि कार्लटनच्या प्रेक्षकांपुढे चार पावलं नाचला. शेवटी भाला फेकल्याचा हावभाव. भाला नव्हता, हवा होती. हा नाच तो सोळा-सोळा वर्षांच्या आदिवासी पोरांकडून शिकला होता, त्यांच्या 'फ्लाइंग बूमरँग्ज' संघाकडून. आठवडा आदिवासींचा, खेळाडू आदिवासी, नाच आदिवासी. आणि देश घाबरला! हिंसक आहे, चिथावणी आहे, प्रेक्षकांवर युद्ध पुकारलं. न्यूझीलंडचे रग्बीवाले याच देशात येऊन मांड्या थोपटत, जिभा काढत हाका नाचतात तेव्हा हेच लोक तिकीट काढून बघतात. स्टेजवर ठरलेल्या वेळी नाचलास तर संस्कृती. आपल्या मर्जीने नाचलास तर दंगल. आपली हलगी त्यांच्या लग्नाच्या वरातीत वाजली तर कला, आपल्या जयंतीला वाजली तर ध्वनिप्रदूषण. ऑस्ट्रेलियाला जायची गरज नाही हे समजायला.

हुर्यो आणखी चढली. २६ जुलै २०१५, पर्थ. चेंडू हातात आला की 'बू'. सिडनीचाच दुसरा आदिवासी पोरगा लुईस जेट्टा, त्याने गोल मारला आणि तो प्रेक्षकांकडे तोंड करून तोच नाच नाचला. मित्रासाठी. एवढ्या मोठ्या लीगमध्ये त्या संध्याकाळी अंगात दम फक्त त्या पोराच्या निघाला. संघटनेचे साहेब लोक अजून शब्द शोधत होते. 'आदर राखा' वगैरे. वर्णद्वेष हा शब्द त्यांच्या घशातून निघेना.

गुड्सने पुढची मॅच सोडली. १ ऑगस्टला सिडनीच्या मैदानावर तिसऱ्या पावाच्या सातव्या मिनिटाला लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, कारण त्याचा जर्सी नंबर ३७. हेही लिहिलं पाहिजे. गोरे सगळे एक नाहीत. पण ज्याच्यासाठी टाळ्या होत्या तो मैदानावर नव्हता. नंतर परत आला, थोड्या मॅचेस खेळला. १९ सप्टेंबरला सिडनी हरली आणि सीझन संपला. त्याने ड्रेसिंग रूममध्ये सोबत्यांना सांगितलं, मी थांबतो. निवृत्त होणारे खेळाडू फायनलच्या दिवशी मैदानाला फेरी मारतात, लोकांना हात दाखवतात. तो गेला नाही.

आता कुणी म्हणेल, हे गोऱ्यांचं पाप, आपण कशाला जाळून घ्यायचं? थांबा. ऑक्टोबर २००७, ऑस्ट्रेलियाची क्रिकेट टीम भारतात. त्यांच्या टीममध्ये एकच काळा, अँड्र्यू सायमंड्स, कॅरिबियन रक्ताचा. आधी बडोद्याला आणि मग १७ ऑक्टोबरला आपल्या वानखेडेवर स्टँडमधून त्याला माकडाचे आवाज. माकडासारखे हात हलवणारे महाभाग फोटोत आले. पोलिसांनी काहींना बाहेर काढलं. ते कोण होते? मेलबर्नची तेरा वर्षांची अजाण पोरगी नव्हती ती. मिशा फुटलेले, तिकिटाचे पैसे असलेले, आपल्या शहरातले लोक. आणि दोनच वर्षांनी, २००९ ला, मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा हीच मुंबई 'वर्णद्वेष, वर्णद्वेष' म्हणून छाती पिटत होती. मार त्या पोरांना खरा लागला, त्याचं दुःख खरं. पण ज्याने वानखेडेवर माकड केलं त्याला ते दुःख मिरवायचा हक्क कुणी दिला? जातीच्या घरात वाढलेल्याला काळा माणूस माकड दिसायला पासपोर्ट लागत नाही.

आता भांडणाच्या मुद्द्यावर येतो. २०१९ ला या सगळ्यावर दोन फिल्म आल्या. त्यातली एक जून महिन्यात लोकांपुढे येत होती, आणि नेमकी तेव्हाच लीगला आणि अठराच्या अठरा क्लबांना जाग आली. बिनशर्त माफी. आम्ही त्याच्या पाठीशी पुरेसे उभे राहिलो नाही म्हणे. चार वर्षांनी! मग २०२१ ला त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या दालनात, घ्यायचं ठरलं. गुड्स म्हणाला, नको.

यावर आपल्यातलेच काही म्हणतात, चुकलं त्याचं. आत जायला हवं होतं. भिंतीवर आपला फोटो लागला की पोरांना उमेद येते. सन्मान नाकारून काय मिळतं?

डग निकल्स आत गेला. पाच फूट दोन इंचांचा आदिवासी, वाऱ्यासारखा पळणारा. १९२७ ला कार्लटन क्लबात गेला तर तिथल्या मालिशवाल्यांनी त्याच्या अंगाला हात लावायला नकार दिला. काळा आहे, वास येतो. तो निघून गेला, दुसरीकडे खेळला, १९३२ पासून फिट्झरॉयकडून ५४ मॅचेस खेळला. पुढे पाद्री झाला. जनगणनेत आदिवासी मोजायचे नाहीत असं कलम देशाच्या घटनेत होतं, ते १९६७ ला उखडलं, त्या लढ्यात हा पुढे होता. त्याला सर केलं, राज्यपाल केलं. मी त्याला नमस्कार करतो. त्याच्या काळात त्याने ते दार अंगाने ढकललं. लीग आज आदिवासी आठवड्याला त्याचं नाव देते. पण त्याच नावाच्या लीगमध्ये गुड्सला हाकललं गेलं, हेही तेवढंच खरं.

आणि आपला पळवणकर बाळू? चांभाराचा पोर, डावखुरा गोलंदाज. १९११ ला इंग्लंडच्या दौऱ्यात ११४ विकेट्स काढल्या. पुण्यात त्याला चहा पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. विकेट चालते, कप चालत नाही. हिंदूंच्या टीमची कप्तानी त्याला कधी दिली नाही. पुढे हार पडले, सत्कार झाले, आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्याच बाळूला मुंबईत कुणासमोर उभं केलं? बाबासाहेबांसमोर. बाळू हरला. मी त्याला गद्दार म्हणत नाही, त्याच्या बॉलिंगला हात जोडतो. मी एवढंच दाखवतो की ज्यांनी हार घातला त्यांनी गळ्याचं माप आधीच घेऊन ठेवलेलं असतं.

गुड्सचा फोटो भिंतीवर लागला असता तर त्यातून मोकळं कोण झालं असतं? तो? त्याच्याकडे पदकं आहेत, विक्रम आहेत. जुना सोबती मायकल ओलॉकलिनबरोबर २००९ ला त्याने आदिवासी पोरांच्या शिक्षणासाठी गो फाउंडेशन सुरू केलं. पोरांना उमेद द्यायला त्याला कुणाची भिंत लागली नाही. मोकळी झाली असती ती लीग. आणि मोकळे झाले असते ते हजारो गळे. बघा, आम्ही घेतला की त्याला आत, विसरा आता. ती पावती त्याने दिली नाही. त्यासाठी तो ओरडला नाही, मोर्चा काढला नाही, नुसता गेला नाही. जसा २०१५ च्या फायनलला गेला नव्हता तसाच.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी पुढच्या अंकासाठी लिहावं, छापू. विशेषतः त्या मित्रांनी लिहावं ज्यांना परवा एका मोठ्या संस्थेची शाल आली. ती संस्था दहा वर्षांपूर्वी याच मित्रांच्या कवितेला संडासातलं लिखाण म्हणत होती. शाल घ्या, नका घेऊ, तुमचा खांदा. पण लिहिताना त्या संस्थेने मधल्या दहा वर्षांचं काय केलं तेवढं नावानिशी लिहा.